वैद्य कार्डानो आणि पिसांची गादी

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना वर्गसमीकरण सोडविण्याची रीत चांगली परिचयाची असते. त्याच्या पुढची पायरी जे घनसमीकरण, ते सोडविण्याची रीत ज्या ग्रंथाने प्रथम जगापुढे मांडली, त्या ग्रंथाचा कर्ता जिरोलामो कार्डानो हा धंद्याने वैद्य होता, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. गणिताच्या इतिहासात त्याचे नाव अजरामर झाले आहे. परंतु आम्ही येथे त्याचे चरित्र सांगण्यास प्रवृत्त झालो आहोत ते त्याच्या वैद्यकीतील एका प्रसंगामुळे. १५५२ साली या इटालियन वैद्याने स्कॉटलंड देशातील एका दमेकरी आर्चबिशपाच्या अंथरुणातून पिसांची गादी काढून टाकविली. कृती अगदी साधी. पण तिचे मर्म उलगडण्यास पुढे चारशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. पावसाळा लागला की आपल्या शाळेतील ज्या मुलांची छाती घरघरू लागते, त्यांचा व त्यांच्या आईबापांचा या जुन्या कथेशी निकटचा संबंध आहे.

कार्डानोचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ रोजी उत्तर इटलीतील पाव्हिया या नगरात झाला. त्याचा बाप फाझिओ हा मिलान शहरातील नामांकित कायदेपंडित असून भूमितीचाही गाढा व्यासंगी होता. सुप्रसिद्ध चित्रकार लिओनार्दो दा विंची हा भूमितीतील प्रश्नांविषयी त्याचा सल्ला घेत असे, एवढी त्याची योग्यता होती. पण कार्डानोच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईबापांचा विवाह झालेला नव्हता, आणि या एका गोष्टीचा डाग त्या निरपराध बालकाला पुढे कित्येक वर्षे भोगावा लागला. मिलानमध्ये त्या सुमारास प्लेगने कहर केला होता. आईची आधीची तीन मुले त्या साथीत दगावली. ज्या दाईच्या अंगावर कार्डानो पीत होता, तीही प्लेगनेच मरण पावली. मूल कसेबसे जगले. पण प्रकृती जन्माची नाजूक राहिली. दुखण्याशी ज्याची इतकी लहानपणी ओळख झाली, त्याने पुढे वैद्यकीचा मार्ग धरावा यात नवल नाही.

बापाची इच्छा मुलाने कायदा शिकावा अशी होती. लहानपणी तो बापाच्या मागे त्याची जड पुस्तके वाहत मिलानच्या रस्त्यांतून हिंडत असे, आणि भूमितीचे पहिले धडेही त्याला बापाकडूनच मिळाले. पण मुलाने कायद्याऐवजी वैद्यक पसंत केले. पाव्हिया व पाडुआ येथील विद्यापीठांत अध्ययन करून त्याने वैद्यकाची पदवी मिळविली आणि पाडुआजवळील साक्कोलोंगो नावाच्या लहानशा गावी धंदा मांडला. १५३१ साली त्याचा विवाह झाला. पुढे आपल्या शहरात, म्हणजे मिलानमध्ये, नाव काढावे या आशेने तो तेथे गेला. परंतु तेथील वैद्यमंडळाने त्याला आपल्यात घेण्याचे साफ नाकारले. कारण काय, तर त्याचा जन्म अनौरस! विद्येत काही उणीव होती काय, हातगुण कसा होता, याची चौकशी कोणी केली नाही. मंडळाच्या परवानगीवाचून उघडपणे धंदा करणे कठीण, तेव्हा त्या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. जुगाराचे व्यसन कार्डानोला तरुणपणीच जडले होते. त्यात बायकोचे दागिने गेले, घरातील सामान गेले, आणि अखेरीस काही काळ त्यांना मिलानच्या अनाथगृहाचा आश्रय घ्यावा लागला. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांचे दोष झाकण्याची चाल आहे. पण हा दोष कार्डानोने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच उघड केला आहे, तेव्हा आम्हीही तो झाकीत नाही.

१५३४ साली बापाच्या जुन्या मित्रांच्या वशिल्याने त्याला मिलानमध्येच गणिताचा व्याख्याता म्हणून जागा मिळाली. गणित शिकवावे आणि उरलेल्या वेळात चोरूनमारून रोगी पाहावे असा क्रम सुरू झाला. त्याच्या औषधाने गुण येतो अशी वार्ता हळूहळू पसरली आणि वैद्यमंडळातील काही सभासदांच्या घरूनही त्याला बोलावणी येऊ लागली. १५३६ साली त्याने तत्कालीन वैद्यांच्या चुकीच्या उपचारपद्धतींवर टीका करणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यामुळे वैद्यवर्गाचा रोष त्याने ओढवून घेतला. पण लोकांत त्याचे नाव झाले. अखेर १५३९ साली मंडळाला आपले दार उघडावे लागले. ज्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर उभे केले होते, त्यांच्याच पंगतीत तो सन्मानाने जाऊन बसला.

याच वर्षी त्याने निकोलो तार्ताल्या नावाच्या गणितज्ञाकडून घनसमीकरण सोडविण्याची रीत मिळविली. मात्र ती प्रसिद्ध करणार नाही असे वचन त्याला द्यावे लागले. पुढे १५४३ साली बोलोन्या येथे जाऊन जुनी कागदपत्रे पाहता, तार्ताल्याच्याही आधी देल फेर्रो नावाच्या अध्यापकाने ती रीत शोधून काढली होती, असे त्याच्या दृष्टीस पडले. तेव्हा आपण आता वचनाने बांधलेले नाही असे मानून त्याने १५४५ साली आपल्या आर्स माग्ना या ग्रंथात ती छापली. देल फेर्रो व तार्ताल्या या दोघांचेही ऋण त्याने त्यात नमूद केले, तरी तार्ताल्याचा संताप शमला नाही आणि त्या भांडणाची चर्चा अजून होते. त्याच ग्रंथात चतुर्थ घाताचे समीकरण सोडविण्याची जी रीत आहे, ती लुडोव्हिको फेरारी याची. हा फेरारी चौदा वर्षांचा असताना कार्डानोच्या घरी चाकरीला आला होता. मुलाची बुद्धी ओळखून धन्याने त्याला गणित शिकविले आणि चाकराचा पंडित केला. आपल्या शिष्याचे श्रेय त्याने शिष्यालाच दिले, हे त्याला भूषणावह होय. जन्मतः बहिऱ्या मुलांना लेखनवाचनाच्या द्वारे शिक्षण देता येईल, हा विचारही त्याने त्या काळी मांडला. जन्मावरून ज्याला नाकारले गेले, त्याला दुसऱ्याची झाकलेली योग्यता दिसत असे, असे म्हणण्यास हरकत नाही.

१५४३ पासून तो पाव्हियाच्या विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक होता. १५५२ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याच्या आयुष्यातील सर्वांत लांबचा प्रवास घडला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन हे त्या राज्याचा कारभार पाहणाऱ्या अ‍ॅरनच्या सरदाराचे सावत्र भाऊ असून राज्यात त्यांचा शब्द मोठा होता. योगायोग असा की, तेही अनौरस होते. सुमारे दहा वर्षांपासून त्यांना दम्याने ग्रासले होते. आरंभी दीर्घ अंतराने येणारे झटके आता वारंवार येऊ लागले होते. रात्री धाप लागे, श्वास कोंडे आणि जीव जातो की राहतो असे होई. घरचे वैद्य झाले, परदेशचे झाले, उतार पडेना. तेव्हा कार्डानोला निरोप गेला. फेब्रुवारीत मिलान सोडून, आल्प्स पर्वत ओलांडून, लिआँ, पॅरिस व लंडन करीत तो जूनच्या अखेरीस एडिंबरोला पोहोचला.

त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे दम्याचे कारण मेंदूत होते. मेंदूत साचलेला दोष खाली झिरपून फुप्फुसांत उतरतो आणि श्वासाचा मार्ग अडवितो, अशी सर्वांची समजूत होती. वाद होता तो रोग्याचा मेंदू थंड आहे की उष्ण, एवढ्याचपुरता. आज आपल्याला या वादाचे हसू येईल. पण त्या काळी मोठमोठे पंडित यावर तासन्‌तास बोलत. कार्डानोही या समजुतीच्या बाहेर नव्हता. मात्र त्याने एक गोष्ट अशी केली की जी इतरांनी केली नव्हती. प्रथमचे काही आठवडे त्याने आर्चबिशपांच्या नेहमीच्या वैद्याची चिकित्सा तशीच चालू ठेवली आणि आपण स्वस्थपणे रोग्याकडे पाहत राहिला. ते केव्हा जेवतात, किती जेवतात, केव्हा निजतात, कशावर निजतात, कोणत्या वेळी धाप लागते, हे सर्व त्याने बारकाईने न्याहाळले.

मग त्याने आपली चिकित्सा सांगितली. आहार बेताचा व वेळेवर असावा. राजकारणाच्या खलबतांत रात्री जागवू नयेत, झोप पुरी घ्यावी. अंगाला व्यायाम द्यावा. डोक्यावर पाण्याच्या धारा घ्याव्यात. आणि बिछान्यातील पिसे काढून त्यांच्या जागी कच्चे रेशीम घालावे. श्रीमंतांच्या घरी पिसांची मऊ गादी हे त्या थंड देशात वैभवाचे लक्षण होते. तीवर निजल्याने शरीर तापते व दोष पातळ होऊन छातीत उतरतो, असे कार्डानोचे मत होते. म्हणून तिची उचलबांगडी झाली.

रोग्याला उतार पडू लागला. सुमारे अडीच महिने राहून सप्टेंबरच्या मध्यास कार्डानो निघाला, तेव्हा आर्चबिशपांनी त्याला एक हजाराहून अधिक सोन्याची नाणी व सोन्याची साखळी दिली. दोन वर्षांनी आपली प्रकृती पुष्कळ सुधारल्याचा निरोपही त्यांनी धाडला. नंतर ते जवळजवळ वीस वर्षे जगले. १५७१ साली त्यांचा अंत झाला तो दम्याने नव्हे, राजकारणातील वैरामुळे फासावर.

परतीच्या वाटेवर लंडनमध्ये जे घडले, तेही सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा सहावा एडवर्ड हा चौदा वर्षांचा बुद्धिमान राजा होता. कार्डानो वैद्य होता तसा नामांकित ज्योतिषीही होता. त्याने राजाची पत्रिका मांडली आणि त्याला दीर्घायुष्याचे भविष्य वर्तविले. पंचावन्नाव्या वर्षापर्यंतची दुखणीही त्याने तीत दाखविली. पुढल्याच वर्षी, ६ जुलै १५५३ रोजी, तो राजपुत्र पंधरा वर्षांचा असताना मरण पावला. वाचकांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एडिंबरोत त्याने रोग्याच्या अंथरुणाकडे पाहिले आणि रोग्याला गुण आला. लंडनमध्ये त्याने आकाशातील ग्रहांकडे पाहिले आणि त्याचे भाकीत साफ खोटे ठरले. माणूस एकच, बुद्धी एकच. पण एका ठिकाणी प्रत्यक्ष निरीक्षण होते, दुसरीकडे ते नव्हते. आपले भविष्य चुकले ही गोष्ट कार्डानोने दडवून ठेवली नाही. त्याविषयी त्याने आपल्या ग्रंथात लिहिले. पण ज्योतिषावरील त्याचा विश्वास मात्र अखेरपर्यंत ढळला नाही.

त्याचे उत्तरायुष्य फार दुःखात गेले. त्याचा थोरला मुलगा हाही वैद्य होता. त्याने आपल्या बायकोला विष घातल्याचा आरोप शाबीत होऊन १५६० साली त्याचा शिरच्छेद झाला. बापाने मुलाला वाचविण्यासाठी जिवाचे रान केले, पण व्यर्थ. त्या शोकातून तो कधीच पुरता सावरला नाही. पाव्हियात राहवेना म्हणून १५६२ साली तो बोलोन्या येथे गेला. १५७० साली पाखंडी मतांच्या आरोपावरून त्याला कैद झाली. काही महिन्यांनी सुटका झाली, पण अध्यापनाची व ग्रंथप्रकाशनाची बंदी झाली. मग तो रोमला गेला. तेथे पोपकडून त्याला निर्वाहवेतन मिळाले, आणि म्हातारपणी एकांतात बसून त्याने आपले आत्मचरित्र लिहिले. २१ सप्टेंबर १५७६ रोजी, पंचाहत्तरावे वर्ष पुरे होण्यास तीन दिवस असताना, त्याने देह ठेविला. आत्मचरित्र १६४३ साली छापून निघाले. फाशांच्या खेळातील शक्याशक्यतेचा विचार करणारे त्याचे पुस्तक १६६३ साली प्रसिद्ध झाले. ज्या व्यसनाने त्याचे घर धुऊन नेले, त्यातूनही त्याच्या बुद्धीने गणिताच्या एका नव्या शाखेचे बीज वेचून घेतले.

असो. आता आपण आर्चबिशपांच्या गादीकडे वळू. कार्डानोचा उपाय कामी आला असला, तरी त्याने दिलेले कारण खरे नव्हते. खरे कारण शोधण्याचे काम पुढील पिढ्यांवर पडले. १९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगांचे वैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ॲलर्जी हा शब्द प्रथम योजिला. आपण मराठीत ज्याला वावडे म्हणतो, त्याच्याशी हा अर्थ पुष्कळसा जुळतो. जो पदार्थ दहांना बाधत नाही, तोच अकराव्याच्या शरीराला शत्रू वाटतो आणि ते त्याच्यावर तुटून पडते. नाक वाहू लागते, डोळे खाजतात, शिंकांवर शिंका येतात, किंवा श्वासनलिका आवळून धाप लागते. १९२० नंतरच्या वर्षांत घरातील धूळ हीच पुष्कळ दमेकऱ्यांना बाधते असे आढळून आले. पण धुळीतील नेमके काय बाधते, हे कळेना. १९६४ साली हॉलंडमधील लेडन येथील फोरहोर्स्ट व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा उलगडा केला. धुळीत राहणारा एक सूक्ष्म जीव याच्या मुळाशी आहे, असे त्यांनी दाखविले. या जीवाला माइट म्हणतात.

माइट हा किडा म्हणून ओळखला जात असला तरी खरोखर तो कोळी व गोचीड यांच्या गोत्यातला, आठ पायांचा प्राणी आहे. त्याची लांबी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. रंग पांढुरका व पारदर्शक. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तो माणसाला चावत नाही, रक्तही पीत नाही. आपल्या अंगावरून रोज जो त्वचेचा कोंडा झडतो, तो त्याचा आहार. म्हणूनच शास्त्रज्ञांनी त्याला जे ग्रीक नाव दिले, त्याचा अर्थ त्वचा खाणारा असा आहे. तो पाणी पीत नाही. हवेतील ओलावा शरीरात शोषून घेऊन जगतो. कोरड्या हवेत तो सुकून मरतो. दमट, उबदार जागी त्याची भरभराट होते. आता विचार करा, त्वचेचा कोंडा, ऊब आणि माणसाच्या घामाचा व श्वासाचा ओलावा, ही तिन्ही एकत्र कोठे मिळतील? उशीत व गादीत! माणूस आयुष्याचा सुमारे एकतृतीयांश भाग अंथरुणावर घालवितो. त्यामुळे या जीवाला अन्नाचा तुटवडा कधी पडत नाही.

बाधा होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेमुळे. त्याच्या पोटातील अन्न पचविणारी काही द्रव्ये विष्ठेच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत उरतात. अंथरूण झटकले, उशी हलविली की हे गोळे हवेत उडतात आणि काही मिनिटांत पुन्हा खाली बसतात. झोपलेल्या माणसाचे नाक तर उशीला लागलेलेच असते. ज्याला याचे वावडे आहे, त्याच्या शरीरात या द्रव्यांविरुद्ध आयजीई नावाचे एक प्रथिन तयार होते, आणि पुढचा सारा उत्पात त्यातून घडतो. या प्रथिनाचा शोधही १९६६ व १९६७ या दोन वर्षांतला. रात्री व पहाटे ज्यांची छाती भरते, सकाळी उठताच ज्यांना शिंकांची रांग लागते, अशांपैकी अनेकांच्या बाबतीत कारण हे असते.

मग आर्चबिशपांना पिसांतील माइट बाधत होते, पिसे स्वतःच बाधत होती, की झोप, आहार व व्यायाम यांच्या शिस्तीनेच त्यांना गुण आला? चारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या रोग्याची परीक्षा आज करता येत नाही; हे सारे उपाय एकदमच झाले होते. इतकेच नव्हे, तर अलीकडे तपासणी करता असे दिसून आले आहे की, घट्ट विणीच्या खोळीत भरलेल्या पिसांच्या उशीपेक्षा कृत्रिम धाग्यांच्या उशीत माइटची द्रव्ये कधी कधी अधिक सापडतात. तेव्हा कार्डानोचे अनुकरण करावयाचे म्हणजे सर्वांनी पिसे फेकून द्यावीत असे नाही. त्याच्यापासून घ्यावयाचा धडा निराळा आहे. रोग्याला काय बाधते हे त्याच्या रोजच्या राहणीत, त्याच्या निजण्याच्या जागी जाऊन पाहावे, हा तो धडा होय.

आमच्या प्रांतात पिसांची गादी क्वचितच दिसेल. पण कापसाच्या गाद्या, उश्या, गोधड्या व वाकळी घरोघरी आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच वापरण्याची चालही आहे. कोकणपट्टीत व मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी ओली असते की माइटला याहून चांगले माहेर मिळणार नाही. पूर्वी पावसाळा सरल्यावर आश्विनाच्या कडक उन्हात घरातील सारी अंथरुणे अंगणात घालीत, आणि पिंजारी येऊन कापूस पिंजून देई. त्या बायाबापड्यांनी माइटचे नाव ऐकले नव्हते. पण उन्हाने गादी कोरडी होते व कोरड्या गादीत माइट टिकत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. मात्र मेलेल्या माइटची विष्ठा गादीतच राहते. म्हणून उन्हात घातलेले अंथरूण घराबाहेर चांगले झटकावे, आणि त्या वेळी दमेकरी मुलाला जवळ उभे करू नये. चादरी, उशांचे अभ्रे व पातळ पांघरुणे आठवड्यातून एकदा साठ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात धुवावीत. गादी-उशीला घट्ट विणीची खोळ घालावी. निजण्याच्या खोलीत गालिचे, जाड पडदे व कापसाची खेळणी यांची गर्दी नसावी. केर काढताना धूळ उडविण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घेणे बरे.

एवढे केले म्हणजे दमा गेला, असे मात्र कोणी समजू नये. २००३ साली ब्रिटनमध्ये १,१२२ प्रौढ दमेकऱ्यांवर केलेल्या प्रयोगात नुसत्या खोळी घालून काही लाभ झाला नाही. उलट २००४ साली अमेरिकेतील सात शहरांत ९३७ मुलांच्या घरी, ज्या मुलाला जे बाधते ते पाहून अनेक उपाय एकदम योजिले, तेव्हा त्या मुलांचे दम्याचे दिवस कमी झाले. एकाच उपायावर विसंबू नये आणि मुलागणिक कारण तपासावे, हाच याचा अर्थ. धुळीचे वावडे आहे की अन्य कशाचे, हे डॉक्टर त्वचेवरील अथवा रक्ताच्या तपासणीने सांगू शकतात.

आणखी एक गोष्ट आम्ही आईबापांना कळकळीने सांगू इच्छितो. दमा ही लाजेची गोष्ट नाही. तो स्पर्शाने पसरत नाही. तरीही कित्येक घरांत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, तो लपविला जातो. श्वासावाटे घेण्याचे जे औषध डॉक्टर इन्हेलरमधून देतात, त्याची सवय लागते या भीतीने ते मध्येच बंद केले जाते. ही भीती निराधार आहे. हे औषध सरळ फुप्फुसांत जात असल्यामुळे त्याची मात्रा अल्प पुरते, आणि ते नेमाने घेतल्यास झटके टळतात. औषध टाकून दिल्यामुळे आलेला जोराचा झटका मात्र जिवावर बेतू शकतो. विद्यार्थ्यांनाही आमचे सांगणे आहे की, धाप लागलेल्या सोबत्याची टिंगल करू नये. त्याला बसते करावे, त्याचे औषध त्याच्या हाती द्यावे आणि लगेच शिक्षकांना वर्दी द्यावी. फळा पुसण्याचे व बाके झटकण्याचे काम त्याच्याकडून काढून घेऊन आपण करावे. त्याचा त्यात उपमर्द न होता त्याला साहाय्य होईल.

कार्डानो हा निर्दोष पुरुष नव्हता. जुगाराने त्याचे घर बुडाले, ग्रहताऱ्यांवरील विश्वासाने त्याला हास्यास्पद केले, आणि रोगाचे त्याने सांगितलेले कारण काळाच्या कसोटीला उतरले नाही. तरी मिलानपासून एडिंबरोपर्यंतचा दूरचा प्रवास करून आल्यावर पांडित्य मिरविण्याची घाई न करता तो कित्येक आठवडे रोग्याजवळ बसला, आणि रोगी कशावर निजतो हे पाहण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. त्याची उपपत्ती केव्हाच मागे पडली; पण ही पाहण्याची सवय आजही तितकीच मोलाची आहे. ज्या घरात एखादे मूल रात्री धापा टाकीत उठून बसते, तेथील वडीलमंडळींनी पत्रिका उघडण्याआधी डॉक्टरांकडे जावे आणि त्या मुलाची उशी उचलून पाहावी, एवढेच या चरित्रापासून घ्यावे.